दुर्बीण घेताना खोक्यावरचा आकडा सोडून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संध्याकाळच्या आकाशात गुरू किंवा शनी ठळक दिसू लागला, की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून दुर्बीण-खरेदीवर मजकूर यायला लागतो. उत्साह चांगलाच आहे. पण त्यातल्या बऱ्याच मजकुरात, आणि जाहिरातींत तर हमखास, दुर्बिणीची ओळख एकाच आकड्याने करून दिलेली असते: ‘५२५ पट’, ‘६७५ पट’. हा आकडा छापणे थांबवावे आणि त्या जागी भिंगाचा किंवा आरशाचा व्यास छापावा, एवढ्या विनंतीसाठी हे पत्र.

५२५ हा आकडा येतो कुठून ते पाहा. खोक्यात ७० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची, ७०० मिलिमीटर फोकल लेंथची (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथवरच्या अंतराची) नळी असते. सोबत ४ मिमी फोकल लेंथचा आयपीस (डोळा लावायचे भिंग) आणि पट तिप्पट करणारे बार्लो भिंग. ७०० भागिले ४ म्हणजे १७५, त्याला तिनाने गुणले की ५२५. नळी ९०० मिमीची असेल तर याच हिशेबाने ६७५. गणित बिनचूक आहे, फक्त डोळ्याला त्याचा उपयोग नाही. ५२५ पटीला या दुर्बिणीतून डोळ्यात शिरणारा झोत जेमतेम ०.१३ मिलिमीटर जाडीचा उरतो. ७० पटीला गुरूचे बिंब जितके उजळ दिसते त्याच्या छपन्नाव्या हिश्श्याइतका उजेड मिळतो. बिंब मोठे होते खरे, पण पिठूळ, करडे आणि थरथरणारे. आपल्याच डोळ्यातले तरंगते धागे गुरूवरून सरकताना दिसतात. त्यात पृथ्वी फिरतेच आहे, त्यामुळे पंधरा-वीस सेकंदांत ग्रह नजरेबाहेर.

वापरण्याजोग्या वर्धनाची कमाल मर्यादा मिलिमीटरमधल्या व्यासाच्या दुप्पट धरतात. ७० मिमीला १४० पट, १५० मिमीला ३०० पट. तीही हवा शांत असेल तेव्हा. बहुतेक रात्री वातावरणच २००-२५० च्या पुढे जाऊ देत नाही, मग दुर्बीण केवढीही असो.

म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न व्यासाचा. गोळा होणारा प्रकाश व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे १५० मिमीचा आरसा ७० मिमीच्या भिंगाच्या साडेचार पटींहून अधिक प्रकाश जमवतो. बारकावे वेगळे दिसण्याची क्षमताही व्यासावरच ठरते: ११६ ला मिलिमीटरमधल्या व्यासाने भागले की किती विकलांचे (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अंतर सुटे दिसेल ते निघते. ७० मिमीला ते सुमारे १.७ विकला, १५० मिमीला ०.८ च्या आत. शौरी तारकासमूहातला एम १३ हा गोलाकार तारकागुच्छ ७० मिमीतून कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. अंधाऱ्या जागी १५० मिमीतून त्याच्या कडेचे तारे सुटे होऊ लागतात.

व्यासानंतर लगेच स्टँड. निराशा होते ती बहुतेक वेळा इथे, आणि ती स्टँडमुळे झाली हे लक्षातही येत नाही. लांब नळी आणि खाली ॲल्युमिनियमच्या काटकुळ्या तंगड्या, ही जोडी ओळखायला शिका. कसोटी सोपी आहे. मोठ्या वर्धनाचा आयपीस लावून एखादी दूरची वस्तू बघा आणि नळीला टिचकी मारा. दोन-तीन सेकंदांत चित्र थांबले तर ठीक. सात-आठ सेकंद डोलत राहिले तर फोकस साधणेच अशक्य, कारण फोकसच्या चाकाला बोट लावताक्षणी डोलणे पुन्हा सुरू. असा स्टँड घरात आधीच असेल, तर पाय पूर्ण आत घेऊन बसून बघा, सगळे स्क्रू आवळा आणि मधल्या ताटलीखाली पाण्याचा कॅन टांगा. फरक पडतो, चमत्कार होत नाही.

स्टँडचा हा प्रश्न सगळ्यात स्वस्तात सोडवला तो जॉन डॉब्सन यांनी. रामकृष्ण संघाचे संन्यासी असताना ते जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून दुर्बिणीचे आरसे करीत. मठाबाहेर पडल्यावर १९६८ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवणारा गट उभा केला. लाकडी बैठकीत टेकलेली आणि टेफ्लॉनच्या तुकड्यांवर सरकणारी त्यांची नळी आज ‘डॉब’ म्हणून ओळखली जाते. पाय नाहीत, मोटर नाही, त्यामुळे जवळजवळ सगळा पैसा आरशात जातो. नवख्याने काय घ्यावे याचे एकच उत्तर मागितले तर ते हेच: १५० मिमी व्यास, १२०० मिमी फोकल लेंथची डॉब. २०० मिमीची मिळत असेल तर पावणेदोन पट प्रकाश मिळतो, पण नळी आणि बैठक मिळून वजन वीस-पंचवीस किलोंवर जाते. जिने चढून न्यायची असेल तर आधी तेवढे ओझे उचलून बघावे. जागा कमी असेल तर १३० मिमी व्यास, ६५० मिमी फोकल लेंथची टेबलावर ठेवायची छोटी डॉब चालते, मात्र तिच्याखालचे स्टूल भक्कम हवे. डगमगत्या स्टुलावर ठेवली की काटकुळ्या तंगड्यांचीच गत.

आरशाच्या दुर्बिणीत एक सापळा आहे, तो मोजपट्टीने पकडता येतो. न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत नळीची लांबी साधारण फोकल लेंथइतकी असते. लेबलवर ‘११४/१०००’ किंवा ‘१२७/१०००’ (आधी व्यास, मग फोकल लेंथ, मिमीमध्ये) लिहिले आहे आणि नळी मात्र हातभर, म्हणजे अर्ध्या मीटरच्या आसपास, असे दिसले तर फोकसरच्या (फोकस साधायच्या भागाच्या) नळकांड्यात एक जादा भिंग दडवलेले आहे. आरसा गोलीय, म्हणजे सगळे किरण एका बिंदूत न आणणारा; तो दोष झाकायला हे भिंग. स्वस्त मालात ते धड बसवलेले नसते, आणि त्याच्यामुळे आरसे जुळवणे नवख्याच्या आवाक्याबाहेर जाते. याउलट ११४/९०० ही लांब नळीची दुर्बीण गोलीय आरशाचीच असूनही नीट चालते, कारण एवढ्या लांब फोकसला तो दोष नगण्य ठरतो. आखूड फोकसची ७६/३०० मात्र टाळावी.

भिंगाची दुर्बीण कमी कटकटीची. आरसे जुळवणे नाही, पिशवीतून काढली की तयार. ७०/७०० किंवा ९०/९०० ठीक. ८०/४०० सारखी आखूड नळी मोठ्या वर्धनाला चंद्राच्या कडेवर जांभळी झालर दाखवते. शहराच्या उजेडात राहून चंद्र, ग्रह आणि जोडतारे एवढेच पाहायचे असतील तर लांब नळीची ९० मिमी आणि घट्ट स्टँड यात काही कमी नाही. सप्तर्षीतल्या वसिष्ठ-अरुंधतीवर ती रोखा: नुसत्या डोळ्यांना दोनच दिसतात, दुर्बिणीत वसिष्ठ स्वतःच फुटून दोन होतो, १४ विकलांच्या अंतराने.

विषुववृत्तीय माउंट, म्हणजे एका अक्षावर फिरवून ताऱ्याचा पाठलाग करता येणारा स्टँड, कॅटलॉगमध्ये रुबाबदार दिसतो. त्याचा एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि त्या ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची तुमच्या अक्षांशाइतकी असते. ध्रुवतारा इमारतीआड असेल तर इथेच गाडी अडते. दुर्बिणीतून लांब एक्स्पोजरचे फोटो घ्यायचे असतील तर अशा माउंटला पर्याय नाही, पण मग चांगला माउंट नळीपेक्षाही महाग पडतो. तो छंदाचा पुढचा टप्पा आहे. मोटर आणि संगणकवाली ‘गो-टू’ दुर्बीण त्याच पैशांत लहान व्यासाची मिळते, आणि सुरुवातीला दोन-तीन तारे तिला तुम्हीच दाखवावे लागतात. ती भलतीकडे वळत असेल तर आधी तारीख तपासा. अनेक हँडसेटमध्ये महिना आधी आणि दिवस नंतर लिहायचा असतो. ५ नोव्हेंबर म्हणून ०५/११ भरले की यंत्र ११ मे समजून शोधत बसते.

आयपीसबद्दल थोडे. खोक्यातला ‘एसआर ४ मिमी’ आणि तिपटीचे प्लास्टिकचे बार्लो सरळ बाजूला ठेवा. २५ आणि १० मिमीचे दोन बरे आयपीस, प्लॉसल प्रकारचे, आणि दुपटीचे काचेचे बार्लो पुरे. १२०० मिमीच्या नळीवर त्यातून ४८, ९६, १२० आणि २४० पट मिळतात. आयपीसचे नळकांडे सव्वा इंची असल्याची खात्री करा. जुन्या ०.९६५ इंची फोकसरला चांगले आयपीस मिळणे कठीण. चष्मा फक्त जवळच्या किंवा दूरच्या नंबरचा असेल तर काढून पाहावे, फोकसर ती कसर भरून काढतो. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर मात्र चष्मा ठेवावा लागतो, आणि १० मिमीच्या प्लॉसलला डोळा ७ मिलिमीटरवर आणावा लागतो, जे चष्म्यातून जमत नाही. अशांनी डोळ्यासाठी १५ मिमी किंवा अधिक अंतर ठेवणारा आयपीस विचारून घ्यावा.

‘काहीच दिसत नाही’ ही पहिल्या रात्रीची तक्रार बहुतेकदा फाइंडर (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) जुळवलेला नसल्यामुळे येते. हे काम दिवसा करायचे. किलोमीटरभर दूरचा खांब किंवा टॉवरचे टोक २५ मिमीच्या आयपीसने दुर्बिणीच्या मध्यावर आणा आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर घ्या. रात्री सुरुवात कायम मोठ्या मिलिमीटरच्या आयपीसने, चंद्रापासून. बंद खिडकीच्या काचेतून पाहू नये. दिवसभर तापलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर संध्याकाळी चित्र उकळत्या पाण्यासारखे हलते, रात्र चढली की बसते. आरशालाही बाहेरच्या हवेइतके थंड व्हायला अर्धा-पाऊण तास द्यावा. चित्र उलटे दिसणे हा बिघाड नाही.

आरसे जुळवायला लोक विनाकारण घाबरतात. एक ठळक तारा मध्यावर आणा, वर्धन शंभरच्या पुढे ठेवा आणि फोकस किंचित बिघडवा. ताऱ्याची चकती होते, तिच्यात कडी आणि मध्ये काळा ठिपका. ठिपका बरोबर मध्ये असेल तर काही करू नका. एका बाजूला सरकलेला असेल तर मोठ्या आरशामागचे लॉक स्क्रू सैल करून तीन जुळणी-स्क्रूंपैकी एक अष्टमांश फेरा फिरवा. तारा सरकेल, त्याला पुन्हा मध्यावर आणून मगच ठिपका बघा, कारण कडेला तो कायमच वाकडा दिसतो. ठिपका बिघडला तर तोच स्क्रू उलटा फिरवा. ध्रुवतारा दिसत असेल तर या कामाला उत्तम, जागचा हलत नाही. वरच्या छोट्या आरशाचा मधला स्क्रू मात्र सैल करू नये, आरसा सुटून खाली मोठ्या आरशावर पडू शकतो. आणि आरशावर धूळ दिसली म्हणून फडके मारू नये. धुळीने फारसे बिघडत नाही, फडक्याने पडलेले ओरखडे कायमचे राहतात. दमट हवेत बुरशीची भीती खरी आहे. दव पडलेली दुर्बीण कोरडी झाल्यावरच झाकावी, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

छायाचित्रांमुळे अपेक्षा फार वाढतात. मृगातला तेजोमेघ डोळ्याला करडा-हिरवट दिसतो, गुलाबी नव्हे. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळतच नाहीत. देवयानी दीर्घिका म्हणजे लांबट धूसर डाग. गुरूचे दोन पट्टे आणि चार चंद्र ७० मिमीलाही दिसतात. शनीची कडी तीस पटीला कळतात. २०२५ मध्ये ती आपल्याकडे कडेने वळल्याने रेषेइतकी बारीक दिसत होती, २०३२ पर्यंत वर्षागणिक उघडत जातील. कृत्तिका तर दुर्बिणीपेक्षा १० x ५० च्या (१० पट, ५० मिमी भिंगांच्या) द्विनेत्रीतून, म्हणजे बायनॉक्युलरमधून, देखण्या दिसतात, कारण त्यांचा पसारा जवळजवळ दोन अंशांचा आहे. तारकासमूह अजून ओळखीचे झाले नसतील तर पहिली खरेदी द्विनेत्रीचीच असावी.

शेवटची बाब सूर्याची. काही संचांत आयपीसला आतून बसवायचा काळा ‘सन’ फिल्टर येतो. तो ताबडतोब फेकून द्यावा. भिंगाने एकवटलेल्या उन्हाने तो तापून तडकतो आणि त्या क्षणी डोळा आयपीसला लागलेला असतो. सूर्य पाहायचा तर नळीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण व्यास झाकणारा, खास सूर्यासाठी बनवलेला फिल्टरच हवा. तो वाऱ्याने उडू नये म्हणून टेपने पक्का करावा, वापरण्यापूर्वी उजेडासमोर धरून छिद्र नाही ना ते पाहावे आणि फाइंडरवर टोपी घालावी. लहान मुलांच्या हाती दुर्बीण दिवसा एकटी सोडू नये.

पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कात्री लावायची तर डॉब्सनसाहेबांना लावा, हा वरचा परिच्छेद मात्र पूर्ण छापावा.

आपला,
एक वाचक