खाणीचा पैसा कोणत्या रकान्यात लिहायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आफ्रिकेतल्या बोट्स्वाना या देशाच्या आर्थिक घसरणीवरील आपल्या लेखात जवळपास सगळा दोष लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या, हिऱ्यांवर टाकला आहे. कारण खरे आहे, पण अर्धे. हे हिरे बाजारात आले नसते, तरी त्या देशाची तिजोरी आज ना उद्या अडचणीत आलीच असती. ही गोष्ट हिऱ्यांच्या बाजारापेक्षा तिथल्या अंदाजपत्रकात अधिक स्पष्ट दिसते, म्हणून हे पत्र.

आधी श्रेय द्यायचे ते देऊ. 1966 साली स्वातंत्र्य मिळाले तेव्हा या देशात डांबरी रस्ता होता जेमतेम 12 किलोमीटर आणि विद्यापीठाचे पदवीधर होते 22. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. त्याच 1967 साली पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या सरकारने कायदा करून खनिजांवरचा हक्क टोळ्यांकडून राष्ट्राकडे घेतला. ओरापा खुद्द खामांच्या बामान्ग्वाटो टोळीच्या मुलखात येते, हे लक्षात घेतले की या निर्णयाचे वजन कळते. सिएरा लिओन, काँगो, अंगोला यांच्या वाट्याला हिऱ्यांपायी जी यादवी आली ती इथे टळली, त्यात या एका कायद्याचा वाटा मोठा. ओरापा 1971 मध्ये सुरू झाली, ज्वानेंग 1982 मध्ये. ज्वानेंग ही मूल्याच्या हिशोबाने जगातली सर्वांत श्रीमंत हिऱ्याची खाण मानतात. डी बिअर्स या बड्या हिरे कंपनीबरोबरच्या डेब्स्वाना या कंपनीत सरकारची भागीदारी निम्मी; 10 टक्के रॉयल्टी, वर कर आणि लाभांश. सगळे मिळून नफ्यातले सुमारे 80 टक्के सरकारकडे येतात. एवढा वाटा मिळवणारी खनिजसंपन्न राष्ट्रे फार थोडी.

पण या मोठ्या वाट्यालाच एक दुसरी बाजू आहे. समजा कंपनीची विक्री 100 आणि खर्च 55, म्हणजे नफा 45. विक्री 30 टक्क्यांनी घटून 70 वर आली, तरी खर्च त्या प्रमाणात घटत नाही. खड्ड्यातले पाणी उपसावेच लागते, कामगारांचे पगार द्यावेच लागतात, फार तर डिझेल आणि स्फोटके वाचतात. खर्च 50 धरला तर नफा उरतो 20. विक्री 30 टक्के पडली, पण नफा पडला सुमारे 56 टक्के, आणि कर व लाभांश नफ्यावर असल्यामुळे सरकारची जमाही त्याच वेगाने पडली. रॉयल्टी विक्रीमूल्यावर असते, म्हणून ती तेवढी घसरत नाही. पण एकूण जमेत तिचा भाग लहान. शिवाय भाव पडले की कंपनी माल रोखून धरते. कंपनीकडे पडून राहिलेल्या मालावर लाभांश मिळत नाही.

हे सारे आपल्या मुंबईशी थेट बांधलेले आहे. डी बिअर्सचा कच्चा माल वर्षातून दहा वेळा, ‘साइट’ म्हणून, ठरलेल्या खरेदीदारांना बॉक्समध्ये विकला जातो. 2013 पासून ही विक्री लंडनऐवजी बोट्स्वानाची राजधानी गाबोरोने इथे होते. त्या खरेदीदारांपैकी पुष्कळांच्या पेढ्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्स या हिरेबाजारात आहेत आणि कारखाने सुरतेत. 2023 च्या मंदीत माल तुंबला, तेव्हा भारतातल्या व्यापारी संघटनांनी 15 ऑक्टोबर ते 15 डिसेंबर कच्च्या हिऱ्यांची आयात स्वेच्छेने थांबवायचे ठरवले. आपल्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीने निर्णय शहाणपणाचा होता. पण गाबोरोनेच्या अर्थखात्याला तो भोवला, कारण दोन महिने गिऱ्हाइकच गायब. ज्या देशाची सुमारे 80 टक्के निर्यात एकाच वस्तूची आहे, त्याचे अंदाजपत्रक असे दुसऱ्या देशातल्या बैठकीत ढासळू शकते.

अशी मंदी बोट्स्वानाने पूर्वीही पाहिली आहे, आणि तेव्हाचा उपाय चालला होता. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भाव पडले तेव्हा माल साठवून ठेवला आणि 1987 मध्ये तो साठा डी बिअर्सला देऊन त्या बदल्यात कंपनीचे पाच टक्क्यांहून थोडे अधिक समभाग पदरात पाडून घेतले. 2009 मध्ये खाणी काही काळ बंद ठेवल्या, आफ्रिकी विकास बँकेचे दीड अब्ज डॉलरचे कर्ज घेतले आणि मागणी परतल्यावर गाडी रुळावर आली. हिरा नासत नाही, थांबणाऱ्याचे नुकसान होत नाही, हा त्यामागचा हिशोब. लॅबग्रोनने मोडला तो हा हिशोब. अमेरिकेत साखरपुड्याच्या अंगठीसाठी लोक दुसऱ्या खड्याकडे वळले असतील, तर आज रोखून धरलेला माल उद्या चढ्या भावाने जाईल याची हमी नाही. इथवर आपला लेख बरोबर आहे.

आता मुख्य मुद्दा. खाणीतून काढलेला हिरा विकणे म्हणजे उत्पन्न नव्हे. ती मालमत्तेची विक्री आहे, जमिनीचा तुकडा विकल्यासारखी. बोट्स्वानाला हे फार लवकर कळले होते. 1990 च्या दशकात त्यांनी ‘शाश्वत अंदाजपत्रक निर्देशांक’ नावाची एक साधी चाचणी लावली. सरकारच्या चालू खर्चातून गुंतवणुकीच्या स्वरूपाचा खर्च वगळायचा आणि जे उरते त्याला खनिजेतर महसुलाने भागायचे. उत्तर 1 किंवा त्याहून कमी आले तर खनिजाचा पैसा फक्त गुंतवणुकीत गेला. 1 च्या वर गेले तर तो खाऊन टाकला. इतकी सुटसुटीत कसोटी फारच थोड्या देशांनी स्वतःला लावून घेतली आहे.

घोटाळा आहे तो ‘गुंतवणुकीच्या स्वरूपाचा’ या शब्दांत. शिक्षण आणि आरोग्यावरचा सगळा चालू खर्च त्यात धरला गेला, म्हणजे शिक्षक आणि डॉक्टरांचे पगारसुद्धा. कारण दिले मानवी भांडवलाचे. ऐकायला पटते. आकडे घालून पाहिले की फट दिसते. समजा महसूल 100 पुला (पुला हे तिथले चलन). त्यात खनिजांचे 40, इतर 60. चालू खर्च 75, पैकी शिक्षण-आरोग्य 30. नियमाप्रमाणे उरले 45. भागिले 60, उत्तर 0.75. झकास पास. आता तेच 30 पुला चालू खर्चातच ठेवा. 75 भागिले 60 म्हणजे 1.25. दर वर्षी 15 पुला हिरे विकून रोजचा संसार चाललेला असतो आणि कागदावर मात्र देश काटकसरी ठरतो. (हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, तिथल्या कोणत्याही वर्षाचे नव्हेत.)

शाळा-दवाखान्यांवर खर्च करू नये असे कोण म्हणेल? 2002 पासून एचआयव्हीची औषधे मोफत देण्याचा त्यांचा निर्णय त्या देशाला वाचवणारा ठरला. पण पगार हा दर वर्षी येणारा, वाढणारा आणि कमी न करता येणारा खर्च आहे. त्याला कायमचा महसूल लागतो, आणि संपणारी खाण म्हणजे कायमचा महसूल नव्हे.

दुसरी फट कर्जाच्या आकड्यात. कायद्याने सरकारी कर्जाला सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 40 टक्क्यांची मर्यादा होती आणि कर्ज त्याच्या बरेच खाली असे. त्यामुळे पतमापन संस्थांपासून वृत्तपत्रांपर्यंत सगळे पाठ थोपटत राहिले. पण तूट भरण्याचा दुसरा मार्ग म्हणजे साठवलेले पैसे काढणे, आणि ते कर्जात दिसत नाही. 1990 च्या दशकात पुढच्या पिढ्यांसाठी म्हणून उभारलेल्या पुला फंडातून सरकारच्या खात्याची रक्कम तुटीसाठी उपसली गेली, कोविडच्या वर्षांत तर झपाट्याने. हिऱ्यांचा बाजार 2023 नंतर पडला तेव्हा हाताशी असायला हवी होती ती उशी आधीच पातळ झालेली होती. ऑगस्ट 2025 मध्ये औषधांच्या तुटवड्यामुळे अध्यक्ष डुमा बोको यांना सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली, ती या पार्श्वभूमीवर.

जे खरोखर गुंतवले, तेही सगळे फळले नाही. मोरुपुले येथील 600 मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प, 150 मेगावॅटचे चार संच, उभा राहिल्यापासून बॉयलरच्या दोषांमुळे वारंवार बंद पडत राहिला आणि वीज दक्षिण आफ्रिकेकडून घ्यावी लागली. हिशोबाच्या वहीत मात्र ती गुंतवणूकच. सेलेबी-फिक्वेची तांबे-निकेलची सरकारी खाण ऑक्टोबर 2016 मध्ये बंद झाली आणि सुमारे पाच हजार माणसे घरी बसली.

हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने गाबोरोनेत आणण्याचा उपायही मर्यादेतच चालतो. मोठ्या खड्यावर मजुरीचा बोजा जाणवत नाही, तिथे ते शक्य आहे. लहान मालात कॅरेटमागची मजुरीच निर्णायक, आणि त्यात सुरतेशी स्पर्धा करणे कोणाला जमलेले नाही. जगातले दहापैकी नऊ हिरे भारतात घासले जातात, ते उगीच नव्हे. बाकी खाणकाम यंत्रांवर चालते, माणसे थोडी लागतात. म्हणून तर दरडोई उत्पन्न मध्यम गटात आणि बेरोजगारी 25 टक्क्यांच्या वर, असे विचित्र चित्र तिथे दिसते.

अशा स्थितीत डी बिअर्समधला सध्याचा 15 टक्के हिस्सा वाढवून कंपनीचा ताबा घेण्याचा बोको सरकारचा मनोदय आपल्या लेखात ‘धाडसी’ म्हणून गौरवला आहे. माझ्या मते हा चुकीचा सौदा आहे. महसूल हिऱ्यांचा, निर्यात हिऱ्यांची आणि आता उरलीसुरली पतही हिऱ्यांच्याच कंपनीत. भाव पडला की तिन्ही एकदम पडणार. पुला फंडाचा पैसा परदेशी रोख्यांत आणि समभागांत ठेवण्याचा मूळ हेतूच हा धोका टाळण्याचा होता.

यात आपल्यालाही बघण्यासारखे आहे. गोव्याच्या लोहखनिजाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये विक्रीच्या रकमेपैकी 10 टक्के स्थायी निधीत टाकण्याचा आदेश दिला. कल्पना पुला फंडाच्याच जातीची. पण उरलेल्या रकमेतला राज्याच्या वाट्याचा भाग नेहमीच्या महसुलात मिसळतो, आणि तिथून पुढे तो पगारात गेला की पूल बांधण्यात, हे वेगळे दिसत नाही. गडचिरोली-चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांतला जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा तर बचत नव्हेच. रॉयल्टीच्या 30 टक्के किंवा लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर 10 टक्के रक्कम जमते ती बाधित भागात खर्च करण्यासाठी. तो खर्च आवश्यकच आहे. पण त्याला ‘भावी पिढ्यांसाठीचा निधी’ म्हणणे, जसे भाषणांत म्हटले जाते, बरोबर नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. खनिजावर चालणाऱ्या कोणत्याही देशाच्या किंवा राज्याच्या अंदाजपत्रकाची बातमी देताना विकासदराबरोबर आणखी तीन आकडे छापावेत: खनिजेतर महसूल किती, पगार आणि निवृत्तिवेतन धरून चालू खर्च किती, आणि निधीत वर्षाच्या सुरुवातीला व अखेरीस शिल्लक किती. बोट्स्वानाचे हे तीन आकडे दहा वर्षांपूर्वीपासून ओळीने मांडले असते, तर आपल्या लेखाचा मथळा वेगळा झाला असता.

आपला,
सार्वजनिक वित्ताचा एक अभ्यासक, पुणे