मनगटावरचा डाग

गुरुवार पेठ, पुणे
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय बाळ्या,

प्रभूमध्ये सलाम.

सात महिने तुला कळवलं नाही. तुझे फोन आले तेव्हा मी घरीच होतो. वहिनींना 'कामात होतो' असा निरोप दिला, तो खोटा होता. माझी तब्येत ठीक आहे, साखर आहे तेवढीच आहे. आता मुद्द्याचं लिहितो. फोनवर सांगितलं तर तू मध्येच 'अरे, होतं रे असं' म्हणशील आणि मी तिथेच सुटेन. आज मला सुटायचं नाही.

आज चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या, रांगेतून मी मागे फिरलो. पापांगीकाराची, पापं कबूल करायची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हटली, उठलो, रांगेला लागलो, माझ्यापुढे चार माणसं उरली आणि पाय पुढे जाईना. मागच्या बाकावर जाऊन बसलो. लोकांना वाटलं, चक्कर आली. एका आजींनी बॅगेतून खडीसाखर काढून दिली, ती खाल्लीही.

कारण सांगतो. बुधवारी संध्याकाळी आईला कपडे बदलायला उठवत होतो. तिचं सगळं दिवस कलला की सुरू होतं. डॉक्टर म्हणतात, या विसरण्याच्या आजारात तसंच असतं, दुपारपर्यंत माणूस बरं, अंधार पडू लागला की घाबरं होतं. 'बाबा ड्युटीवरून आले का?' हे तिने त्या तासाभरात किती वेळा विचारलं ते मोजलं नाही. बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. पहिल्या दहा वेळा मी नीट उत्तर दिलं. मग तिने माझा हात झटकला, 'हा कोण मेला मला हात लावतो' म्हणाली, आणि मी तिचं मनगट धरून पिरगळलं. पकडलं नाही, बाळ्या, पिरगळलं. दुखावं म्हणून. ती ओरडली, मग माझ्याकडे लहान मुलासारखी बघत राहिली.

गुरुवारी ताई चिंचवडहून आली. मनगटावर काळानिळा डाग. मी म्हणालो, पलंगाच्या कठड्यावर आपटला. इतकं सहज निघालं तोंडातून! आणि शुक्रवारी पुरुषांच्या प्रार्थनासभेत, प्रभूने माझ्या रागावर मला कसा जय दिला, याची मी साक्ष दिली. महिन्याभरापूर्वी ठरलेली साक्ष होती. 'नाही' म्हणता आलं असतं.

तू म्हणशील, बायबलात पौलही हेच म्हणतो ना, जे करावंसं वाटतं ते होत नाही आणि जे नको तेच हातून घडतं. रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय आपल्याला पाठ आहे. पण खरं सांगू? त्या अध्यायाची मी गादी करून घेतली होती. पडलो की तिथे पडायचो. आठवा अध्याय, पापातून सुटकेचा, रविवारी वाचायला, सातवा रोज जगायला. आपण ईस्ट स्ट्रीटवरच्या इराण्याकडे भांडायचो ते आठव. तू मेथडिस्ट पंथाच्या वेस्लीच्या बाजूने, की देव माणसाला याच देहात पापापासून पूर्ण सोडवू शकतो. मी धर्मसुधारक ल्यूथरच्या बाजूने, की माणूस नीतिमानही आणि पापीही, एकाच वेळी, मरेपर्यंत. तू चिडून चहाचे पैसे न देता उठून गेलास (ते साडेतीन रुपये अजून येणं आहेत). मी जिंकलो असं मला तीस वर्षं वाटत होतं. पण ल्यूथरच्या १५१७ च्या पंच्याण्णव प्रबंधांतला पहिलाच काय सांगतो? की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. मी त्याचं 'सगळं आयुष्य पापाचं, अधूनमधून पश्चात्ताप' असं करून ठेवलं होतं. त्या दिवशी तुझंही अर्धं बरोबर होतं. अर्धंच हं.

आता जी गोष्ट कुणालाच सांगता येत नाही ती. मनगट पिरगळल्यावर दहा मिनिटांनी आई सगळं विसरली. माझ्याकडे बघून हसली, 'जेवलास का?' म्हणाली. आणि मला हायसं वाटलं. बाळ्या, मला हायसं वाटलं की तिला आठवत नाही! त्या एका क्षणात मला माझं मन तळापर्यंत दिसलं. राग एक वेळ आजाराचा, थकव्याचा, झोप न झाल्याचा म्हणता येईल. हे हायसं वाटणं कशाचं म्हणायचं?

तेव्हापासून हेच कुरतडतंय. माफी मागायची कुणाकडे? जिच्याविरुद्ध केलं तिच्याकडे ते उरलंच नाही. दावीद राजा एक्कावन्नाव्या स्तोत्रात देवाला म्हणतो, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं. मला ते कधीच पटलं नाही. त्याने मारवलेल्या उरीयाचं काय मग? उरीयाच्या बायकोचं, बथशेबेचं काय? आता भीती अशी की मीही तसंच म्हणून मोकळा होईन, देवाकडे मागितली, मिळाली, आमेन. यिर्मयाच्या पुस्तकात देव म्हणतो, त्यांचं पाप मी यापुढे आठवणार नाही. पण देवाचं न आठवणं हे ठरवून आहे, त्याला सगळं ठाऊक असून. आईचं न आठवणं हा आजार आहे. त्या आजाराला मी क्षमा समजत होतो.

आपल्या दारातलीच गोष्ट घे. १८९० साली इथे पंचहौद मिशनमध्ये, ख्रिस्ती लोकांकडे, टिळक, रानडे वगैरे चहाला गेले म्हणून केवढं काहूर उठलं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, आणि रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. लहानपणी आपण हसायचो, चहाचं कसलं प्रायश्चित्त! आणि आपली शिकवण अशी की किंमत ख्रिस्ताने वधस्तंभावर भरली, तुला भरायचं काही नाही. खरंच आहे ते, त्याच्यावरच मी उभा आहे. पण 'भरायचं काही नाही' याचा मी 'करायचं काही नाही' असा अर्थ लावला. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाला चौपट परत कर असं येशूने कुठे सांगितलं होतं? तो त्याच्या घरी आला, एवढंच. बाकीचं जक्कय आपणहून बोलला.

केडगावची ती रात्र तुला आठवत असेलच. आपण एकोणीस वर्षांचे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुली पापं कबूल करून कशा हंबरडा फोडून रडल्या ते ऐकून आलो होतो, आणि परतीच्या दौंड गाडीत दोघं रडलो. तू त्या रात्री मला काय सांगितलंस ते आजवर कुणाला बोललो नाही. तू सांगितलंस, मी नाही सांगितलं. 'मीही' एवढंच म्हणालो. तेव्हापासून मी 'मीही' म्हणूनच भागवत आलो. आणि तुझं खडकीत जे झालं त्यानंतर तू सुटलास, मी नाही. तू नवस केला नव्हतास, रोज एका माणसाला फोन करत होतास. मला ते तेव्हा फार साधं वाटलं होतं.

उपासनेहून आल्यावर ताईला फोन केला. कठड्याचं खोटं होतं, मी केलं, असं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'मला वाटलंच होतं. तू एकटा किती दिवस करणार?' आणि रडली. आता ती बुधवार-शनिवार येणार, आणि संध्याकाळी दोन तासांसाठी एक बाई बघणार आहोत. खर्च आहे, पण होईल. शुक्रवारी प्रार्थनासभेतही खरं सांगणार आहे. त्याची फार भीती वाटते.

आईचीही माफी मागितली. तिच्या पलंगाशी बसलो, तो डाग असलेला हात हातात घेतला आणि 'आई, हे मी केलं' म्हणालो. तिने डागाकडे पाहिलं, 'दुखतंय' म्हणाली. मग मी प्रभूची प्रार्थना सुरू केली, तर 'आमची ऋणे आम्हांस सोड' इथे ती माझ्यापुढे निघून गेली, एक शब्द न चुकता. तिला कळत होतं का, मला माहीत नाही. मी मध्येच थांबलो, तिने एकटीने पुरी केली. उद्याही तिला सांगणार आहे, परवाही. ती दर वेळी नव्याने ऐकेल, मलाही दर वेळी नव्याने सांगावं लागेल.

तुझं कसं चाललंय? नगरचं घर झालं का? धाकटीचा निकाल काय लागला? वहिनींच्या गुडघ्याचं ऐकलं, नमस्कार सांग.

आता एक काम. रोज संध्याकाळी सात वाजता मला फोन कर. गप्पा नकोत. 'आईला हात लावलास का?' एवढंच विचार आणि ठेव. मी उचलला नाही तर ताईला लाव. नंबर तुझ्याकडे आहे.

तुझाच