पावसात भजनाला बसण्याआधी

मँचेस्टर

प्रिय दादा आणि वहिनी,
सप्रेम नमस्कार.

आषाढीला आपल्याकडे मंडळी भजनाला येणार, हे वाचून फार बरं वाटलं. दादा, वाद्यं तूच लावणार, म्हणून हे सविस्तर लिहितो.

पावसात तबल्याचा स्वर उतरतो, पेटीचा जागच्या जागीच राहतो. पुडीचं, म्हणजे तोंडावरचं, कातडं हवेतली ओल पितं आणि सैल पडतं. तेव्हा लगेच हातोडी उचलू नकोस. ओल्या पुडीवर स्वर चढवला, की वाळताना ती आणखी ताणते आणि चाटेशी, म्हणजे कडेशी, फाटते. आधी सुती फडक्याने पूस. मग तापणाऱ्या पिवळ्या दिव्यापासून दीड-दोन फुटांवर 15-20 मिनिटं ठेव. गॅसजवळ नको, आणि केस वाळवायचं यंत्र तर मुळीच नको. शाईला, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलाला, तडे जातात. त्यानंतर गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या काठावर, वरून हलके ठोके दे, एक घर (काठाचा एक भाग) झालं की त्याच्या समोरचं. स्वर फारच खाली असेल तरच बाजूचे लाकडी गट्टे खाली सरकव.

तबला काळी 4 मध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या स्वरात, लाव. बायकांना तो षड्ज (सा) होतो, आणि पुरुष काळी 1 मध्ये गायले तर तोच पंचम (प). त्यासाठी मोठ्या तोंडाचा तबला काढ. लहान तोंडाचा इतका खाली आणला की मिळमिळीत वाजतो.

वहिनी, पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक तुम्ही भिजवाल ना? पोळीच्या कणकेहून थोडी सैल, मीठ-तेल न घालता, मोठ्या लिंबाएवढी. एरवी आधी धुमाच्या, म्हणजे त्या डाव्या तोंडाच्या, पुडीला पाण्याचा हात लावतात, पावसात तो बेताचाच लावा. भजन संपलं की ओली असतानाच काढा. रात्रभर राहिली तर बुरशी धरते आणि सुरीने खरवडताना कातडं सोलतं. आणि उपासाचे वडे भजनानंतरच! तेलाचा हात शाईला लागला, की तिची आस, म्हणजे घुमत राहणारा नाद, जाते.

तुकडोजी महाराजांची भजनं होणारच, तर खंजिऱ्या दोन ठेवा. खंजिरीला गट्टे नसतात, ऊब हाच तिचा उपाय. एक वाजत असताना दुसरी दिव्याजवळ राहू द्या.

खिडक्या लावलेल्या असतील तर टाळ दोनच जोड्या पुरेत. बंद खोलीत चार जोड्या वाजल्या की अभंगाचे शब्दच बुडतात, आणि मग भजनी ठेका कितीही गोड लागला तरी ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. रूपाचा अभंग, म्हणजे सुरुवातीचा विठ्ठलाच्या रूपाचा, विलंबितच (संथ लयीत) घ्या. लय गवळणीला वाढवा, आधी नको.

रात्री वाद्यं सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते.

दादा, बसण्याआधी फोन लाव आणि पेटीवर काळी 4 धरून तबल्याची चाट वाजव. उतरला असेल तर इथूनच सांगतो.

तुमचा,
धाकटा