मोजे उलटे करून धुवायचे असतात

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर, आपल्या फुटबॉल क्लबचे कपडे मी धुतो त्यावरून तू विचारलंस, "बाबा, याचे तुम्हाला पैसे तरी देतात का?" आई शेजारीच कणीक मळत होती. तिने वर बघितलं आणि मी विषय बदलला. आता रात्रीचे साडेअकरा झालेत, मशीन फिरतंय, अजून तासभर तरी झोपता येणार नाही. म्हणून वही काढली. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू बसमध्ये वाचून अंगठा दाखवून मोकळा झाला असतास.

तर पहिलं उत्तर: नाही देत. उलट मागच्या महिन्यात साबणाच्या पावडरीचे पैसे मीच घातले. हे आईला सांगायचं नाही.

दर शनिवारी रात्री घरी एक भलीमोठी निळी पिशवी येते. सतरा जर्सी, सतरा चड्ड्या, चौतीस मोजे. चौतीस कधीच नसतात, तेहतीस असतात, ते सोड. मोजे येतात ते गोळा होऊन, आत चिकटपट्टीचे तुकडे तसेच. आपल्या मैदानावरचं गवत प्लास्टिकचं आणि त्यात काळ्या रबराचे दाणे भरलेले, हे तुला माहीत आहे; गुडघे सोलून घेतलेस त्यावर. तेच दाणे मोज्यांच्या टोकाशी जाऊन बसतात. म्हणून प्रत्येक मोजा आधी बागेत नेऊन उलटा करायचा, झटकायचा आणि उलटाच धुवायचा. तरीही मशीनचा फिल्टर उघडला की पाव वाटी मोहरी निघावी तसे दाणे निघतात. एकदा मी ते खरंच वाटीत काढून ओट्यावर विसरलो होतो. आईने फोडणीला घ्यायच्या आधी हुंगून बघितले म्हणून वाचलो.

तुझ्या काकाला व्हिडिओ कॉलवर ही आपल्या नॉन-लीग क्लबची पिशवी दाखवली तर म्हणाला, "नॉन-लीग म्हणजे लीगच नाही काय?" मी सांगितलं, इंग्लंडमध्ये वरच्या चार पातळ्यांवर मिळून 92 क्लब. त्यांच्या खाली जे आहे ते सगळं नॉन-लीग. नॅशनल लीगपासून सुरू होतं आणि उतरत उतरत पार गावच्या कुरणापर्यंत जातं. प्लंबर, शाळामास्तर, डिलिव्हरीवाले आठवडाभर कामं करतात आणि शनिवारी तीनला मैदानावर उतरतात. काका म्हणाला, "म्हणजे आपलं केएसएच की रे, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग!"

त्याचं फारसं चुकलं नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावं तू लहानपणापासून ऐकतोस, पण इंग्लंडमध्ये वाढलेल्या पोराला तालमीचा फुटबॉल संघ असतो हे पटवायला मला किती वर्षं लागली! तालीम कुस्तीसाठी, तांबड्या मातीचा हौदा, भिंतीवर मारुती. आणि त्याच तालमीच्या नावाने अकरा पोरं शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळणार. आम्ही वर्गणीचं पुस्तक घेऊन दारोदार फिरायचो. शेंगदाणेवाला पाच रुपये द्यायचा आणि सोनार दोन. मॅच हरलो की त्या रात्री आपल्या घरात कालवण अळणी लागायचं. आजी तसं म्हणायची आणि ती तर आयुष्यात एकदाही स्टेडियमवर गेली नव्हती.

पण आता मोठा झालास, तर दुसरी बाजूही सांगतो. कोल्हापूरची ही एकी जेवढी गोड, तेवढीच तिखट. दोन पेठांचे समर्थक समोरासमोर, मध्ये पोलीस. सोळा वर्षांचा असताना अशाच एका मॅचला दगडफेक झाली, तेव्हा मीही एक दगड उचलला होता. फेकला नाही. शहाणपण आलं म्हणून नव्हे. नेम धरला त्या पायऱ्यांवर माझेच मामा बसले होते. ते दुसऱ्या पेठेतले ना! संध्याकाळी आमच्याच घरी पांढरा रस्सा प्यायला आले आणि मला म्हणाले, "तुझा हात वर गेलेला बघितला मी."

तिथे आपण कुणाचे, हे विचारावं लागत नाही. पेठेत जन्मलास की तालीम ठरली. इथे 2007 मध्ये आलो तेव्हा ही सोयच गेली. पाच वर्षं विमानतळावर रात्रपाळी, दिवसा झोप. शेजाऱ्यांशी बोलणं काय, तर कचऱ्याचे डबे कधी न्यायचे एवढंच. 2012 मध्ये तू सहा वर्षांचा, शनिवारी सकाळी लहान मुलांच्या सरावाला तुला क्लबवर आणायला लागलो. तीन महिने कुंपणाला टेकून उभा होतो, सोन्या. सगळे हसून "मॉर्निंग" म्हणायचे, मीही म्हणायचो. तिथेच संपायचं.

एका शनिवारी पाऊस होता. संघाचे कपडे सांभाळणाऱ्या किटच्या आजी, तुला आठवतात त्याच, पिवळा रेनकोट घातलेल्या, गोलपोस्टची जाळी ओढत माझ्यासमोर आल्या. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. जाळीचं एक टोक माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाल्या, "धरा जरा घट्ट. मागच्या वेळचा माणूस वाऱ्याला घाबरला." मग त्या दुसऱ्या टोकाने खांबाकडे गेल्या आणि तिथून मला ओरडत राहिल्या. वर घ्या, खाली घ्या, हुक दिसत नाही का. अर्ध्या तासाने चहा देताना म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी नऊला." मी येईन का, हे विचारलंच नाही त्यांनी. दगड उचलला होता त्यानंतर पहिल्यांदाच मला कुणीतरी आपला माणूस समजून शिव्या घातल्या होत्या.

तुला या क्लबची लाज वाटायची ती वर्षंही मला आठवतात. वर्गातली पोरं मोठमोठ्या क्लबांच्या जर्सीत, तू स्पर्सचा, म्हणजे लंडनच्या टॉटनहॅमचा, आणि बाप लाऊडस्पीकरवरून "आजची उपस्थिती 163" असं ऐकून टाळ्या वाजवणारा. पण 10 जानेवारी 2021 आठव. एफए कपची, म्हणजे लहान-मोठ्या क्लबांच्या बाद स्पर्धेची, तिसरी फेरी, लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीतलं मरीन, तेव्हा आठव्या पातळीवरचा क्लब, आणि समोर तुझे स्पर्स. लॉकडाउनमुळे प्रेक्षकांना बंदी. बीबीसीवर फुकट दिसत असताना मी मरीनला मदत म्हणून 10 पौंडांचं, कुठेच न नेणारं तिकीट काढलं आणि तू मला वेड्यात काढलंस. त्या मैदानात मावतात जेमतेम तीन हजार माणसं, आणि अशी तिकिटं खपली 30 हजारांवर. मैदानाला लागून घरांच्या परसबागा, तिथे लोक कुंपणावरून माना काढून मॅच बघत होते. गोलशून्य बरोबरी असताना मरीनच्या केंग्नीने लांबून मारलेला बॉल आडव्या दांड्यावर आपटला, आणि सोन्या, तू उडालास! स्पर्सचा पोरगा, हात डोक्यावर. शेवटी 5-0 हरले ते सोड. तुझा तो चेहरा मी पाहिलाय, आता नाकारू नकोस.

हे सगळं साखरेत घोळून सांगतोय असं वाटायला नको. 2016 च्या उन्हाळ्यानंतरची गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. बाहेरून आलेल्या एका प्रेक्षकाने मला पाहून "परत जा" असं काहीतरी म्हटलं. त्याहून घाण शब्दांत. मी पाण्याच्या बाटल्या मोजत होतो, मोजत राहिलो. गेटवरचे आजोबा ऐंशीच्या घरातले, गुडघा दुखरा, पण उठले, त्या माणसाच्या हातात तिकिटाचे पैसे ठेवले आणि त्याला फाटकाबाहेर नेऊन सोडलं. हेच आजोबा ब्रेक्झिटच्या त्या सार्वमतात मी ज्या बाजूचा होतो त्याच्या नेमके उलट. बाहेरून येणाऱ्यांवर त्यांची बडबड मी दर शनिवारी ऐकतो. परत येऊन म्हणाले, "तुझं वेगळं आहे." ते मला आवडलं नाही. आजही आवडत नाही, आणि तसं मी त्यांना एकदा सांगितलंही. ते म्हणाले "हं", आणि मला तिकिटांचा गठ्ठा मोजायला दिला. यापलीकडे आमचं त्यावर बोलणं झालेलं नाही. पण गेल्या हिवाळ्यात त्यांचा गुडघा बदलला, तेव्हा तीन आठवडे त्यांना दवाखान्यात ने-आण मीच केली आणि त्यांनी गाडीत रेडिओ मला हवा तो लावू दिला. बाबुजींची गाणी ऐकत गेलो आम्ही. "हा माणूस दुःखी आहे का?" एवढंच एकदा विचारलं.

मैदान नसलं तर काय होतं, हे शेजारच्या स्लाऊ टाउन क्लबला विचारावं. 2003 मध्ये त्यांचं घर सुटलं आणि 2016 पर्यंत दुसऱ्यांच्या मैदानावर भाड्याने खेळले. तेरा वर्षं! तेवढ्या काळात पोरं जन्माला येऊन मिशी फुटते. तरी दर शनिवारी कुणीतरी पिशव्या, झेंडे, चहाची किटली गाडीत घालून दुसऱ्या गावी जात राहिलंच असणार. मला त्या किटलीवाल्याचं कौतुक वाटतं. सेंटर-फॉरवर्डचं नाव कुणीही सांगेल.

आणि आता खरं कारण, ज्यासाठी लिहायला बसलो. किटच्या आजी गेल्या. दोन आठवडे झाले. तुझी परीक्षा होती म्हणून कळवलं नाही, रागावू नकोस. शेवटच्या प्रवासाची गाडी फाटकाशी दोन मिनिटं थांबली. खेळाडू कामावरून तसेच आले होते, एकजण रंगाने माखलेल्या कपड्यांत. शनिवारी मिनिटभर टाळ्या वाजवल्या. मग हाफटाइमला नेहमीसारखे सगळे चहाचे कप सांभाळत एका गोलमागून दुसऱ्या गोलमागे निघाले, आपला संघ ज्या बाजूला गोल मारणार त्या बाजूला, आणि चालता चालता गेटवरचे आजोबा थबकले. तिथे कोपऱ्यात त्या फोल्डिंग खुर्ची टाकून बसायच्या. खुर्ची कुणीतरी नेहमीप्रमाणे आणून ठेवली होती. आजोबा तिला वळसा घालून गेले, मग मागचे सगळेच वळसा घालून गेले.

त्यांचा शिवणाचा डबा माझ्याकडे आलाय. जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत सुया, कापडी आकडे, आणि एक वही. "3 नंबर आटला आहे, बारक्याला द्या." "गोलकीपरला लेबल टोचतं, कापणे." "10 नंबरच्या बायकोला मुलगी झाली, चौकशी करणे." वीस वर्षांचं असं. एका पानावर माझं नाव चुकीच्या स्पेलिंगने आणि पुढे: "जाळी धरतो. चहात दोन साखर."

तुझी आई म्हणते, तू शनिवार-रविवार खोलीतच असतोस. जेवण ऑनलाइन, मॅच लॅपटॉपवर. मी काही बोलणार नाही. तीन महिने कुंपणाला टेकून उभा राहिलेला माणूस काय बोलणार? फक्त एक पत्ता देतो. तुझ्या तिथून ट्रॅमने मँचेस्टरजवळच्या बेरीला जाता येतं. तिथलं गिग लेन मैदान बघ. 1885 चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या घोळात लीगमधून काढून टाकला. शेवटच्या दिवशीही क्लब वाचेल या आशेने लोक झाडू, बादल्या घेऊन मैदान साफ करायला आले होते. संध्याकाळी कळलं, संपलं. मग समर्थकांनी नवा क्लब काढला, दुसऱ्याच्या मैदानावर खेळले, आपसात भांडले, मतदान घेतलं, एकदा फसलं, पुन्हा घेतलं, आणि 2023 मध्ये जुन्या नावाने जुन्या मैदानावर परतले. तेव्हा नवव्या पातळीवरची मॅच आणि बघायला तीन हजारांच्या घरात माणसं! केएसएवाल्यांनाही हेवा वाटेल. तीनला सुरू होते, पण तू दीडला जा. त्या वेळी कुणीतरी काहीतरी ओढत असतं आणि दुसरं टोक धरायला माणूस कमी असतो.

मशीन थांबलं. पहाटे चारला कामावर निघायचंय, त्याआधी मोजे दोरीवर गेले पाहिजेत आणि फिल्टरमधली मोहरी कचऱ्यात. तिसरा नंबर अजून आटलेलाच आहे. या वर्षी तो बारका पोरगा सोडून गेला, आता कुणाला द्यायचा बघतो.

पैसे पाठवलेत, बघून घे. थंडीचं जाकीट वापर, कपाटात ठेवायला नाही घेतलं.

तुझा,
बाबा

ता. क. तुझ्या खोलीत निळ्या पट्टीचा एक मोजा सापडला तर पोस्टाने पाठव. दोन सीझन शोधतोय.