न सांगता इंजिन बंद करणाऱ्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातल्या जूनमधल्या त्या सकाळचे फोटो अजून निवडून व्हायचे आहेत. पण एकेक फोटो उघडताना आधी डोळ्यांपुढे येतो तो सफारीच्या जिप्सीच्या चावीवरचा तुमचा हात. बांबूच्या बेटातून नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ आली आणि कोणी काही म्हणायच्या आत तुम्ही चावी फिरवलीत. इंजिन बंद. गाडी उतारावर दहाबारा हात आपोआप घरंगळली आणि थांबली. आम्ही मागितलं नव्हतं. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे.

यात एवढं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. चालू इंजिनाची थरथर जिप्सीच्या लोखंडी कठड्यातून थेट लेन्समध्ये उतरते. ५०० एमएमची लेन्स पक्षी दहापट जवळ आणते, तशी थरथरही दहापट करते. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय असते ती हाताच्या संथ डुलण्यासाठी, इंजिनाची बारीक आणि जलद थरथर तिला आवरत नाही. मग शटर सेकंदाच्या १/१००० वर न्यावं लागतं. जूनच्या ढगाळ पहाटे झाडोऱ्याखाली तेवढा उजेड कुठला? आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, १२८०० वर जातो आणि नवरंगाच्या पोटावरचा तांबडा न् पंखावरचा निळा दाणेदार, गढूळ होऊन बसतो. तेच इंजिन बंद असलं, लेन्स धान्याच्या पिशवीवर टेकवलेली असली, की १/१२५ वर काम भागतं, आयएसओ १६०० पुरतो. नवरंग शीळ घालताना मान वर झटकतो, त्या क्षणी बटण दाबलं तर डोकं हललेलं येतं. शीळ संपली की तो क्षणभर पुतळ्यासारखा थांबतो, फोटो तेव्हाचा. पण ती शीळ कधी संपली हे कळायला ती ऐकू यायला हवी, आणि इंजिनाच्या घरघरीत ती अर्धीच ऐकू येते. नवरंग बहुतेक वेळ जमिनीवर पाला उलथून किडे शोधतो. वाळक्या पाल्याची ती खसखस हाच त्याचा पत्ता. तुम्ही चावी फिरवल्यावर पहिल्यांदा ती कानावर आली.

अभयारण्यात गाडीतून उतरता येत नाही. म्हणजे कॅमेरा कुठे उभा राहणार हे फोटो काढणारा ठरवत नाही, चालक ठरवतो. म्हणून तुमचा तो प्रश्न, “भाऊ, डहाळी आडवी येते का? अर्धं चाक पुढं घेतो,” आणि मग सेल्फ न मारता नुसता ब्रेक सैल करून गाडी वीतभर सरकवणं! पानाची कड बाजूला झाली, नवरंगाचा डोळा मोकळा झाला, आणि पक्षी जागचा हललासुद्धा नाही. गाडी मुद्दाम उतारावर का लावता, हेही तुम्ही नंतर सांगितलंत: सेल्फ नाही लागला तरी गिअरमध्ये टाकून चालू होते. इंजिन बंद करायला नकार देणाऱ्या प्रत्येकाचं कारण हेच असतं, की बॅटरी जुनी आहे, पुन्हा लागली नाही तर? उत्तर इतकं सोपं होतं.

दुसऱ्या जंगलांत याआधी जे वाट्याला आलं ते लिहायलाच हवं. “पाखरं तर अंगणातही दिसतात साहेब,” म्हणून नीलपंखासमोरून गाडी दामटणारे, वाघाचा निरोप आला की धुरळा उडवत पळणारे. आणि त्याहून वाईट म्हणजे मोबाइलवर नवरंगाची शीळ वाजवून त्याला रस्त्यावर ओढणारे. नवरंग दक्षिणेतून आणि श्रीलंकेतून इकडे येतो तो वीण करायला. वाजवलेली शीळ त्याला खरी वाटते, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो हातातलं काम टाकून भांडायला धावतो. घरटं बांधायच्या दिवसांत त्याची ताकद अशी वाया घालवून मिळालेल्या फोटोला बक्षिशीही मिळते, याची लाज वाटते. तुमचा मोबाइल फेरीभर डॅशबोर्डच्या कप्प्यात होता.

नाल्याकाठच्या स्वर्गीय नर्तक पक्ष्याच्या घरट्याबद्दल तुम्ही गेटवर परतल्यावर सांगितलंत. “आत सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं.” खरं आहे, थांबवलंच असतं. वाटीएवढं ते घरटं, नर-मादी आळीपाळीने अंडी उबवतात. समोर गाडी थांबली की बसलेला पक्षी उठतो, अंडी उघडी पडतात, आणि अंडी पळवणारा टकाचोर पक्षी असल्या संधीवर टपलेलाच असतो. फोटोत आडवी येते म्हणून घरट्यापुढची फांदी छाटणारेही आहेत. त्या फांदीचीच सावली असते, आडोसाही तिचाच. एका घरट्याचं रक्षण तुम्ही नुसतं गप्प राहून केलंत. असा सभ्यपणा कोणी मोजत नाही, कारण त्यात काही घडलेलं दिसतच नाही. एसटीत म्हाताऱ्या माणसाला आधी चढू देऊन मग घंटी मारणारा कंडक्टर आठवा, त्याच जातीचं हे वागणं. नागपूर-उमरेड रस्त्यावर अशी माणसं भेटतात आणि आपण सुट्टे पैसे मोजत त्यांना विसरून जातो.

तुमच्या गाडीत कठड्यावर टाकायला जुनी चादर होती. तिची घडी उलगडत राहते, म्हणून या पत्रासोबत जीन्सच्या जाड कापडाच्या दोन पिशव्या पाठवल्या आहेत, रिकाम्या. प्रत्येकीत साधारण दोन किलो ज्वारी मावेल, पण पाऊणच भरा. ठासून भरली की लेन्स वर डुगडुगते, सैल असली की दाणे दबून तिला खोबण करून देतात. दाणे आधी आतल्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून तिचं तोंड बांधा, नाहीतर पहिल्याच सरीत ज्वारीला बुरशी धरेल आणि शिवण उसवली तर दाणे जंगलात सांडतील. पावसाळ्यात फाटक बंद झालं की ज्वारी काढून पिशव्या धुऊन ठेवा. गेट उघडलं की पहिल्या आठवड्यात येतो. तीच गाडी, तुम्हीच चालक.

तुमचे,
मागच्या सीटवरचे तिघे, नागपूर