नंदू, टाचांवर चालून बघ

सावईवेरे,
८ सप्टेंबर २०२५

चि. नंदू,

अनेक आशीर्वाद.

पुण्याला पोचल्याचा मेसेज मानसीने केला. तू नाही केलास. रागावला असशील. ‘आई, मी तुझा पेशंट नाही’ हे तू आरतीला जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणालास, त्यात खोटं काही नाही. पेशंट असतास तर मुकाट्याने ऐकलं असतंस. हाडांच्या वॉर्डात नोकरी काढलेल्या बाईचं बोलणं जरा दरडावल्यासारखं होतं, आणि तुझ्या कमरेच्या दुखण्यावरून चारचौघांत लघवीचं विचारलं म्हणून तुला लाजही वाटली असेल. फोनवर तू ‘हो, हो’ करतोस आणि क्लासची वेळ झाली म्हणून ठेवतोस, म्हणून हे पत्र. तू नाही वाचलंस तर मानसी वाचेल.

चपलेबद्दल एकदाच लिहिते, मग दुसरं लिहीन.

विसर्जनाला तळीच्या पायऱ्या उतरताना तुझ्या डाव्या पायातली चप्पल निसटली. तू ती हातात घेतलीस, हसलास आणि पुढे गेलास. बाबा घुमट वाजवण्यात दंग होते, बाकीच्यांचं लक्ष गणपतीकडे. पण त्याच्या आधीही घरात तुझं डावं पाऊल फरशीवर फट् फट् वाजत होतं, मला ते स्वयंपाकघरात ऐकू यायचं. उजवं वाजत नव्हतं. माणूस चालतो तेव्हा आधी टाच टेकते आणि मग पुढचं पाऊल हळू खाली येतं. ते हळू आणणारे स्नायू दुबळे झाले की पाऊल आपटतं. चप्पल निसटते तीही त्यांच्यामुळेच.

जुलैत तू एमआरआयचा रिपोर्ट पाठवला होतास. एल-४ आणि एल-५ या मणक्यांच्या मधली गादी डावीकडे बाहेर आली आहे आणि एल-५ ची नस दाबते आहे, असं त्यात आहे. पातोळी हळदीच्या पानात दुमडताना एका बाजूला जोर जास्त पडला की आतलं गूळ-खोबऱ्याचं चून कडेने बाहेर येतं, तसंच हे. गादीच्या आतला मऊ गर बाहेरचं चिवट कडं फोडून निघतो. तो नसेला नुसता दाबत नाही, तिथे सूजही आणतो, म्हणून दुखणं कमरेत आणि कळ मात्र पोटरीत, पावलात. कमरेच्या शेवटच्या दोन आणि त्याखालच्या तीन मुळांची मिळून सायटिक नस होते. अंगात तिच्याएवढी जाड नस दुसरी नाही. त्यातलं एल-५ चं मूळ पायाचा अंगठा आणि पाऊल वर उचलतं. त्याच्या खालचं एस-१ चं मूळ चवड्यांवर उभं करतं. म्हणून मी तुला टाचांवर चालायला सांगत होते आणि तू माझी चेष्टा करत होतास.

मानसीला समोर उभी कर. अनवाणी, टाचांवर दहा पावलं चाल. मग चवड्यांवर दहा. मग पलंगावर बसून दोन्ही अंगठे वर उचल आणि तिला बोटाने खाली दाबायला सांग. डावा लगेच खाली गेला आणि उजवा गेला नाही, तर मला फोन करू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा. जुलैचा एमआरआय जुलैचाच आहे, आजच्या पायाबद्दल तो काही सांगत नाही.

‘आता दुखणं बरंच कमी झालंय’ असं तू दोनदा म्हणालास. तुला ती चांगली बातमी वाटते. मला तिचीच भीती वाटते. कळ कमी झाली आणि पायात जोरही आला, तर देवाची कृपा. पण कळ कमी झाली आणि पाऊल आपटायला लागलं, तर नस बरी होत नसेल, थकत असेल. वॉर्डात ओरडणाऱ्या रोग्याची मला कधी फारशी काळजी वाटली नाही. ‘सिस्टर, आता काही दुखत नाही, पाय नुसता बधिर आहे’ म्हणणाऱ्याच्या खाटेपाशी मी थांबायचे.

बरं, दुसरं लिहिते म्हटलं होतं.

त्या रिपोर्टमधले बाकीचे शब्द वाचून तू घाबरलास हे मानसीने मला सांगितलं. गाद्या सुकल्या आहेत, झीज आहे, असं बरंच काय काय आहे त्यात. त्याने घाबरू नकोस. कंबरदुखी नसलेल्या तीन हजारांहून जास्त माणसांच्या मणक्यांच्या फोटोंचा एकत्र अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात तिशीतल्या सुमारे निम्म्या लोकांच्या गाद्या झिजलेल्या आणि ४० टक्क्यांच्या फुगलेल्या निघाल्या. माझा फोटो काढला तर रिपोर्टचं पान पुरणार नाही, आणि मी अजून कुळागरात पाट वळवते. फोटो आणि पाय जुळले तरच फोटोला अर्थ. बहुतेक कंबरदुखीचं नेमकं असं कारण फोटोत सापडतही नाही आणि ती महिना-दीड महिन्यात उतरते. सायटिकाला वेळ जास्त लागतो, पण बाहेर आलेला गर बहुतेक वेळा शरीर आपणच हळूहळू जिरवून टाकतं. म्हणजे बरा होशीलच. पायात जोर असेल तर.

पुन्हा तिथेच आले.

तुझ्या बाबांची कंबर धरली तेव्हा तू शाळेत होतास, तुला थोडं आठवत असेल. धारबांदोड्याच्या बाजूने ट्रकमध्ये खनिज भरायचं, जेटीवर ओतायचं आणि परत फिरायचं. खड्ड्यांचा रस्ता आणि सबंध दिवस खालून हादरणारी सीट. असा सतत हादरा कमरेला वाईट, हे आता सगळे मान्य करतात. तेव्हा बाबांना वाटायचं, आपण गिअरवाले, आपण थोडेच ओझं उचलतो! आजीने पायाळू मुलगी शोधून आणली होती, बाबांच्या पाठीत लाथ मारायला. त्यांनी मारूनही घेतली, आणि आठवड्याने बरे झाले. आजीने त्या पोरीला खण दिला. उसण आठवड्याने जाणारच होती, पण मी बोलले नाही, सासूबाई खूश होत्या. तू मात्र आता कुणाला पाठीवर लाथ मारू देऊ नकोस, पाय देऊ देऊ नकोस, आणि त्या तुमच्या तिकडच्या ‘एका झटक्यात मणका बसवतो’वाल्याकडे तर नाहीच नाही. पायातला जोर कमी असताना मणक्याला झटके द्यायचे नसतात.

त्या काळी वॉर्डात आम्ही अशा रोग्यांना सपाट झोपवून पायाला वजनं लटकवायचो. आठवडेच्या आठवडे. डॉक्टर सांगतील तसं. आता ते गेलं. फिनलंडच्या १९९५ सालच्या एका अभ्यासात झोपून राहिलेल्यांपेक्षा जमेल तसे आपले रोजचे व्यवहार करणारे लवकर बरे झाले. फळीवर झोपणंही तसंच गेलं. स्पेनमध्ये तपासलं तर फार कडक गादीपेक्षा मध्यम गादीने जास्त आराम पडला. तेव्हा जमिनीवर झोपायचा हट्ट सोड.

बाबांचं खरं दुखणं मात्र २०१२ साली आलं. गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात उभा राहिला, बँकेचे हप्ते चालू राहिले. उचलायला काही नव्हतं, चालवायला काही नव्हतं, आणि कंबर अशी धरली की चहाच्या कपासाठी वाकता येईना. मी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. पायात जोर होता, नस मोकळी होती. पण रात्रभर ते छताकडे बघत पडलेले असायचे. काळजी, झोप नसणं, हातातलं काम जाणं, याने कमरेचं दुखणं मुरतं हे मी पुस्तकात वाचलं होतं. घरात पाहिलं तेव्हा कळलं. त्यांना कशाने बरं वाटलं, माहीत आहे? तू ‘बाबा, ठेका धरा’ म्हणून संध्याकाळी त्यांच्यासमोर बसायला लागलास. आजोबा जुन्या काळच्या तबलावादक खाप्रूमाम पर्वतकरांच्या लयीच्या गोष्टी सांगायचे आणि तू त्या ऐकून भातावरसुद्धा बोटांनी मात्रा मोजायचास. बाबा मांडी घालून बसू शकत नव्हते म्हणून बाकावर बसले, मग उभे राहिले, मग तुला शिकवणीला सोडायला चालत जाऊ लागले.

तू पुण्यात साथीला बसतोस, लोक नाव घेतात, हे मी इथे देवळात सगळ्यांना सांगते. तुझ्यासमोर सांगत नाही. तुला तबला सोड असं मी म्हणणार नाही, ते तुझ्या मनात आलं असेल तर काढून टाक. फक्त दिवसभर कॉम्प्युटरपुढे आणि मग रात्री दोन-दोन तास मांडी, असं एकाच अवस्थेत कमरेला बसवून ठेवू नकोस. अर्ध्या तासाने उठ. रियाझाला सध्या उंच चौरंग घे. गणपतीवर टांगायच्या माटोळीचे नारळ आणि भोपळे तू लांबून हात ताणून वर दिलेस ते मी बघत होते. ओझं पोटाशी धरायचं आणि वळायचं तर पायांनी वळायचं, कमरेत पिळायचं नाही. पट्टा घालून फिरू नकोस, पट्ट्याने दुखणं टळत नाही. चाल. ऑस्ट्रेलियातला २०२४ चा अभ्यास आहे, कंबरदुखीतून उठलेल्यांना नीट समजावून चालायला लावलं, हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास. चालणाऱ्यांचं दुखणं परत यायला मधल्या हिशेबाने २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांचं ११२ दिवसांत आलं. आणि ती बाल्कनीतली सिगारेट. मला वास येत नाही असं समजू नकोस. प्रौढ माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, आजूबाजूने झिरपेल त्यावर ती जगते, आणि तू तेही आटवतोस. दुखण्याच्या गोळ्या उपाशीपोटी घेतोस ते

बघ, झालं माझं सुरू. वॉर्डाचा राऊंड संपत नाही. माफ कर. सिगारेटचं नंतर भांडू.

ऑपरेशनची तुला धास्ती आहे हे मला माहीत आहे. शेजारच्यांनी सांगितलंय ना, पाठीला सुरी लागली की माणूस खाटेवर. तसं नाही. बाहेर आलेला तेवढा तुकडा काढायचा असतो आणि बहुतेक लोक लवकरच चालायला लागतात. पण नुसत्या कळेसाठी घाईही करू नये. हॉलंडमध्ये २८३ रोग्यांवर अभ्यास झाला, २००७ साली छापला. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षाने पाहिलं तर थांबलेले आणि कापलेले सारखेच बरे. म्हणून कळ असेल तर थांबता येतं. पाऊल उचलत नसेल आणि दिवसेंदिवस कमी उचलत असेल तर हा हिशेब लागू नाही, तेव्हा सर्जन काय म्हणतो ते ऐकायचं आणि लगेच ऐकायचं.

आता ते, ज्याच्यावरून भांडण झालं. लघवीला वेळ लागतो का, भरल्याचं कळत नाही का, नकळत थेंब जातात का? शौचाला धुताना तिथली जागा बधिर लागते का? कळ दोन्ही पायांत उतरते का? आणखी एक प्रश्न आहे, तो मानसी तुला विचारेल, मी तिला सांगितलंय. यातलं एकही ‘हो’ असेल तर ओपीडीची वेळ घेत बसायचं नाही. त्याच रात्री कॅज्युअल्टीत जायचं आणि हे सगळे शब्द तिथे लाज न बाळगता उच्चारायचे. मणक्याच्या खालच्या टोकाशी नसांचा जुडगा असतो, तो दाबला गेला तर तासांना किंमत असते. उशीर झाला तर गेलेलं परत येईलच असं नाही. तू तीस वर्षांचा आहेस. मी एकाला पाहिलंय तुझ्याच वयाच्या. त्याचं लिहीत नाही.

तसं काही नसेल, बहुधा नसेलच. तरी पायासाठी उद्या-परवा कुणा मणक्याच्या डॉक्टरला दाखव. फोटो नको, आधी पाय तपासायला सांग. हातोडीने ठोकून, पाय सरळ उचलून, अंगठा दाबून. खुर्चीतून न उठता गोळ्या लिहून देणारा असेल तर दुसऱ्याकडे जा.

नारळ आणि सुपाऱ्या या खेपेला पाठवत नाही, तूच उतरवून घेशील म्हणून. अननस मानसीच्या भावाबरोबर येतील, तो वर आणून देईल.

गुरुवारी रात्रीच्या बसचं एक तिकीट काढलंय. डॉक्टर काय म्हणाले ते त्याआधी कळवलंस तर मी येणार नाही. तिकीट परत करता येतं, बाबांनी विचारून ठेवलंय.

तुझी,
आई