साध्या कार्डांची अदलाबदल

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "ती बेसबॉलची कार्डं जमवतोस, त्यातून पैसे किती सुटतात?" मी ऑफिसच्या वाटेवर होतो, दोन शब्दांत काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण तुला नीट सांगावंसं वाटत राहिलं, म्हणून हे पत्र. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

कार्डं मी विकत नाही, बदलतो. एकाच खेळाडूची दोन आली की त्यातलं एक द्यायचं आणि आपल्याला हवं ते ज्याच्याकडे जास्तीचं आहे त्याच्याकडून घ्यायचं. बिग फनच्या गमबरोबर येणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांसाठी मधल्या सुट्टीत आपलं हेच तर चालायचं. इथे साठी-सत्तरीची माणसं हे करतात, आणि आपल्याइतकाच जीव लावून करतात.

सध्या मी टॉप्स कंपनीचा १९७३ सालचा संच पुरा करतोय. टॉप्स ही मूळची ब्रुकलिनची गम कंपनी. तिथल्या साय बर्गर नावाच्या तरुणाने घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून १९५२ च्या कार्डाचा नमुना तयार केला. पुढे रंगीत चित्र, खेळाडूची छापील सही आणि संघाचं चिन्ह, मागे त्याचे गेल्या हंगामाचे आणि एकूण कारकिर्दीचे आकडे. पोरांनी गम चघळत ते आकडे पाठ केले आणि आज ती पोरं आजोबा झाली तरी विसरलेली नाहीत. १९५७ पासून कार्डाचं माप अडीच बाय साडेतीन इंच ठरलं, ते आजतागायत तेच आहे.

१९७३ च्या संचात ६६० कार्डं आहेत. पहिल्याच कार्डावर बेब रूथ, हँक ॲरन आणि विली मेज हे होम रनचे, म्हणजे आपल्या षटकारासारख्या फटक्याचे, तीन महारथी. त्या वेळी रूथच्या ७१४ पुढे कोणी गेलं नव्हतं. ॲरन ६७३ वर होता आणि एप्रिल १९७४ मध्ये त्याने रूथला मागे टाकलं. असली कार्डं सगळ्यांनाच हवी असतात. पण संचातली बहुतेक कार्डं असतात साध्या खेळाडूंची, दोन-चार हंगाम खेळून घरी गेलेल्यांची. इथे त्यांना 'कॉमन' म्हणतात. माझं प्रेम या कॉमनवर आहे. नामवंत खेळाडू कोणीही पैसे टाकून आणू शकतो. ५७१ नंबरचं साधं कार्ड मात्र कोणीतरी चाळीस-पन्नास वर्षं खोक्यात सांभाळलेलं असावं लागतं, आणि ते तुला द्यावं असं त्याला वाटावं लागतं.

आता ५७१ च का? त्याचं कारण आहे. १९७३ पर्यंत टॉप्स सगळी कार्डं एकदम काढत नसे. हंगाम सुरू होताना पहिला टप्पा, मग काही आठवड्यांनी दुसरा, असे टप्पे. शेवटचा, ५२९ ते ६६०, उन्हाळा सरता सरता यायचा. तोवर शाळा सुरू झालेल्या, पोरांचं मन अमेरिकन फुटबॉलकडे गेलेलं, दुकानदारही माल कमी उचलायचे. त्यामुळे ते शेवटचे नंबर मुळातच थोडे उरले. १९७४ पासून संच एकदम यायला लागला आणि ही अडचण संपली. माझ्या यादीत अजून जे रिकामे आकडे आहेत ते जवळजवळ सगळे याच टप्प्यातले. ६१५ नंबरवर पुढे मोठा खेळाडू झालेल्या माइक श्मिटचं नवखेपणीचं कार्ड आहे, आणखी दोघांबरोबर छापलेलं. ते मी सगळ्यात शेवटी घेणार आहे.

याहून बिकट गोष्ट १९३३ ची. गाउडी कंपनीचा २४० कार्डांचा संच आला आणि त्यात १०६ नंबरच नव्हता. पोरं गमची पाकिटं घेत राहिली, १०६ काही निघेना. ज्यांनी कंपनीला पत्रं लिहून तक्रार केली त्यांना पुढच्या वर्षी नॅप लाजोई या खेळाडूचं ते कार्ड टपालाने घरी आलं, कागदाला क्लिपने अडकवून. काही कार्डांवर त्या क्लिपची खूण अजून दिसते. मला तर ती खूण असलेलं कार्ड कोऱ्या कार्डापेक्षा जास्त आवडेल.

अदलाबदल कशी चालते ते ऐक. प्रत्येकाजवळ दोन याद्या असतात, काय हवं आणि काय जास्तीचं आहे. नुसते आकडे. याद्या एकमेकांना पाठवायच्या, जुळले की बोलणी. साधं कार्ड असेल तर एकास एक. मोठं असेल तर त्याच्या बदल्यात दहा-वीस साधी. नवा माणूस आधी पाठवतो, जुना मग पाठवतो, हा रिवाज आहे आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. कार्ड आधी पातळ प्लास्टिकच्या पाकिटात, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या पाकिटात, घालायचं आणि वर रंगारी वापरतात ती निळी चिकटपट्टी लावायची. साधी सेलोटेप लावली तर तिचा चिकटा राहतो. पट्टीचं टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे समोरच्याला नखाने उकरत बसावं लागत नाही. ही दुमड मला पेनसिल्व्हेनियातल्या एका निवृत्त रेल्वेवाल्याने शिकवली. सांगून नाही, त्याच्या पाकिटांना तशी दुमड असायची म्हणून. आम्ही अजून भेटलेलो नाही. पण कार्डाच्या मागे गमचा डाग असेल, कोपरा किंचित बोथट असेल, फोटोत न दिसणारी बारीक घडी असेल, तर तो आधी लिहून कळवतो आणि "नको असेल तर मोकळेपणाने सांगा" असंही लिहितो. मला पिट्सबर्गचा पायरेट्स संघ आवडतो हे त्याला कळल्यापासून प्रत्येक पाकिटात पायरेट्सचं एखादं कार्ड फुकटात जास्तीचं असतं. मीही त्याच्यासाठी डेट्रॉइटच्या टायगर्सची कार्डं बाजूला काढून ठेवतो. हिशेब कोणी ठेवत नाही आणि तरी तो कोणाच्या अंगावर राहत नाही.

पायरेट्स का, तर रॉबेर्तो क्लेमेंटेमुळे. हा पोर्तो रिकोचा, पिट्सबर्गसाठी अठरा हंगाम खेळला. १९६० च्या दशकातल्या कार्डांवर टॉप्सने त्याचं नाव 'बॉब' छापलं. त्याला स्वतःला ते पसंत नव्हतं. आपल्या नावांचं इथे काय होतं ते मी रोज ऐकतो, त्यामुळे ती जुनी कार्डं हातात आली की आजही राग येतो. १९७२ च्या शेवटी त्याच्या नावावर बरोबर ३००० हिट, म्हणजे यशस्वी फटके, होते. त्या डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. ३१ डिसेंबरला मदतीचं सामान घेऊन तो स्वतः विमानात बसला आणि सान हुआनहून उडाल्यावर थोड्याच वेळात ते समुद्रात कोसळलं. त्याचा देह सापडला नाही. काही महिन्यांनी १९७३ चा संच दुकानांत आला, त्यात ५० नंबरवर क्लेमेंटे आहे, बॅट हातात, पूर्ण नावानिशी. हे कार्ड मला एका शिक्षिकेने दिलं. तिच्याकडे दोन होती. बदल्यात तिने मागितली फक्त साधी कार्डं, तिच्या यादीतले उरलेले नंबर. बाजारभावाने पाहिलं तर तिचा तोटा. ती म्हणाली, माझी वही भरली, तुझीही भरू दे. मी तिला नंतर शोधून शोधून तिचे राहिलेले सगळे नंबर पाठवले.

आता पैशांचं, तू विचारलंच आहेस म्हणून. पैसे आहेत, प्रचंड आहेत. टॉप्सच्या १९५२ च्या संचातलं मिकी मँटल या नामवंत खेळाडूचं ३११ नंबरचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्याच संचाचे शेवटचे नंबर त्या वेळी फारसे विकले गेले नव्हते. साय बर्गरने उरलेला माल १९६० मध्ये कचऱ्याच्या बोटीवर चढवून आमच्या या किनाऱ्यासमोर अटलांटिकमध्ये बुडवला. २०२१ साली तर असं वेड लागलं होतं की टार्गेट या दुकानांच्या साखळीला काही काळ कार्डं विकणं बंद करावं लागलं, कारण विस्कॉन्सिनमध्ये एका दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी झाली. कार्ड तपासून एक ते दहा असा दर्जा देणाऱ्या आणि प्लास्टिकच्या डबीत बंद करणाऱ्या कंपन्या आहेत. खोट्या मालापासून त्या वाचवतात हे मी मान्य करतो. पण पीएसए या कंपनीने १९९१ मध्ये दर्जा दिलेलं पहिलंच कार्ड, १९०९-११ च्या, सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या संचातलं होनस वॅगनर या खेळाडूचं, कडा कापून नीटनेटकं केलेलं होतं. ते विकणाऱ्या बिल मास्ट्रोने २०१३ मध्ये कोर्टात तसं कबूल केलं. मला डबीतलं कार्ड नको वाटतं. कार्डाची पाठ वाचायची असते, आकडे बोटाने शोधायचे असतात.

मला ज्या माणसाबद्दल तुला सांगायचं आहे तो वेगळाच आहे. जेफरसन बर्डिक. न्यू यॉर्क राज्यातलं सिराक्यूज गाव, तिथल्या विजेच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, लग्न नाही, आणि तरुणपणापासून संधिवात. सिगारेटच्या पाकिटातली, गमच्या पाकिटातली, जाहिरातींची, जे छापील पुठ्ठे लोक फेकून देत ते हा जमवत गेला. १९३७ मध्ये त्याने जमवणाऱ्यांसाठी छोटं पत्रक काढलं. मग सगळ्या संचांची एक सूची केली. वॅगनरच्या त्या संचाला आज सगळे 'टी२०६' म्हणतात, ते नाव बर्डिकच्या सूचीतलं. टी म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, एन म्हणजे एकोणिसाव्या शतकातली. आज न्यू जर्सीतला मी आणि पेनसिल्व्हेनियातला रेल्वेवाला एकमेकांना दोन अक्षरांत कळतो, ते त्याच्यामुळे.

१९४७ मध्ये त्याने हे सगळं न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यायचं ठरवलं. तीन लाखांहून जास्त नग. त्यात बेसबॉलची तीस हजारांवर. नुसती खोकी पाठवून दिली नाहीत. एकेक कार्ड स्वतःच्या हाताने वहीत चिकटवायला घेतलं. बोटं वाकडी झालेली, दुखणारी. शेवटी काम जवळ पडावं म्हणून शहरात राहायला आला. जानेवारी १९६३ मध्ये शेवटची वही पुरी झाली आणि मार्चमध्ये तो गेला. त्याच्या संग्रहातली थोडी कार्डं म्युझियम आळीपाळीने मांडतं. मी ती पाहिली तेव्हा शेजारी दोन शाळकरी मुलं, "हा माझ्याकडे आहे" असं खोटंच एकमेकांना सांगत होती. बर्डिकला ते फार आवडलं असतं असं मला वाटतं.

इथे गावोगावच्या शाळांच्या किंवा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये रविवारी कार्डांचा बाजार भरतो. लांब पांढऱ्या खोक्यांत कार्डं नंबरवार लावलेली. आपली यादी आणि पेन्सिल घेऊन खुर्ची ओढायची, मान खाली घालायची. शेजारचा न विचारता सांगतो, "१९५७ चा ॲरन पाहिलास का? फोटो उलटा छापलाय, डावखुरा दिसतो." दुसरा म्हणतो, १९६९ च्या ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या कार्डावर रॉड्रिगेझ नाहीच, एंजल्स संघाचा बॅटबॉय, म्हणजे बॅटी उचलून ठेवणारा पोरगा, आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या, प्रत्येक बाजारात ऐकायला मिळतात, आणि मी दर वेळी आनंदाने ऐकतो. ओळख नसताना माणसं इतकी सहज बोलतात असं ठिकाण मला या देशात दुसरं सापडलेलं नाही. ऑफिसात इतक्या वर्षांनी जे घडलं नाही ते या खोक्यांसमोर पहिल्याच महिन्यात घडलं.

तर माझं काम असं आहे. तुझ्याकडे ती काडेपेटीच्या छापांची वही अजून आहे ना? माळ्यावरून काढ. तुझ्याकडे कुठली छापं दुहेरी आहेत आणि कुठली नाहीत याची यादी करून पाठव. त्या शिक्षिकेचा नवरा जगभरच्या काडेपेटीची छापं जमवतो, आणि शिवकाशीची जुनी छापं त्याला कुठे मिळत नाहीत. त्याच्याकडे स्वीडनची दुहेरी पुष्कळ आहेत. तू नवा, म्हणजे आधी तू पाठवायचंस. छापं पाण्यात भिजवून काढलेली असतील तर तसं लिही, फाटकी असतील तर तेही लिही. आणि पाठवताना दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेव. सेलोटेप वापरू नकोस.

मेमध्ये तुम्ही सगळे येताय तेव्हा रविवार मोकळा ठेव. वहिनींना आणि मुलांना हॉलमध्ये कंटाळा येईल असं तुला वाटतंय, पण मुलांसाठी तिथे पंचवीस सेंटांची खोकी असतात, ती मुलं तिथून हलणार नाहीत. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलं ते कळव. काकूंना सा. नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
मोहन

ता. क. : यादीत छापांची नावं मराठीत लिहिलीस तरी चालेल, मी शिक्षिकेच्या नवऱ्याला वाचून दाखवीन. फक्त आकार आणि रंग न विसरता लिही.